एका गुडघ्यासाठी प्रमाणशोध

आमचे घर इंदिरानगरात तिसऱ्या मजल्यावर आहे आणि इमारतीला लिफ्ट नाही. घर घेतले तेव्हा आम्ही उभयता पन्नाशीच्या अलीकडे होतो. वारा चांगला येतो, पांडवलेण्यांचा डोंगर दिसतो, देवघरासाठी पूर्वेची भिंत मोकळी मिळते, एवढे पाहून आम्ही होकार दिला. जिन्याकडे कोणी विशेष लक्ष दिले नाही. पुढे मी शाळेतील संस्कृतच्या अध्यापनातून निवृत्त झालो, मुलगा अंबडच्या एका कारखान्यात अभियंता म्हणून लागला, सून घरात आली, आणि या सर्व काळात जिना आपल्या जागी निमूट होता. गेल्या श्रावणात मात्र माझ्या पत्नीला तो उतरता येईनासा झाला.

निमित्त क्षुल्लक होते. पूजेची फुले निवडून ती जमिनीवरून उठत होती. उजव्या गुडघ्याच्या आतल्या अंगाला कळ आली आणि ती पुन्हा खाली बसली. शेक झाला, लेप झाला, विश्रांती झाली. घरात ती भिंतीच्या आधाराने वावरत असे, पण जिना उतरताना प्रत्येक पायरीला गुडघा दगा देई. दोनदा मुलाने तिला धरून खाली नेले. तिसऱ्या वेळी ती म्हणाली, "राहू दे रे. वरात काढल्यासारखं वाटतं मला." त्यानंतर ती खाली गेलीच नाही.

संध्याकाळी कोपऱ्यावरच्या बाजारात एक फेरी, तिथून देवळात, आणि येताना ओळखीच्या चार जणींशी उभ्या उभ्या गप्पा, हा तिचा कित्येक वर्षांचा परिपाठ होता. त्यात मला प्रवेश नव्हता आणि मी कधी तो मागितलाही नव्हता. आता भाजी वर येऊ लागली, देवळातला प्रसाद शेजारीण आणून देऊ लागली, आणि पत्नी दिवसेंदिवस अधिक शांत होऊ लागली. तिचा स्वभाव तक्रारीचा नाही, म्हणूनच ते शांत होणे मला जड वाटे.

शहरातल्या एका अस्थिरोगतज्ज्ञांनी एमआरआय करून घेतला. चित्र उजेडासमोर धरून ते म्हणाले, "काकू, गुडघ्यात दोन हाडांच्या मध्ये गादी असते. तुमची ती वयाप्रमाणे झिजून चिरली आहे. एकतर व्यायाम करून पाहू, नाहीतर दुर्बिणीनं आत जाऊन फाटलेला तुकडा काढून टाकू. दसऱ्यानंतरची तारीख मी धरून ठेवतो. घरी बोला आणि कळवा."

परतताना रिक्षात तिने विचारले, "ठरवायचं म्हणजे कुणी?"

"तू. गुडघा तुझा आहे."

"मला काय कळतं त्यातलं? तुम्ही एवढं शास्त्र शिकलात. तुम्हीच बघा."

"अगं, माझं शास्त्र गुडघ्याचं नव्हे."

"शास्त्र म्हणजे शास्त्र," ती म्हणाली आणि रिक्षावाल्याला डावीकडे वळायला सांगितले.

त्याच संध्याकाळी सिन्नरहून तिच्या धाकट्या बहिणीचा फोन आला. तिचे असेच ऑपरेशन पूर्वी झाले होते, आणि फोन स्पीकरवर नसतानाही तिचा आवाज देवघरापर्यंत पोहोचत होता. "ताई, लय विचार करू नको! माझ्याकडं बघ ना, पळते मी आता! दाजी काय म्हणतात? अजून पोथीच वाचतात का?"

न्यायशास्त्रात, म्हणजे आमच्या तर्कविद्येत, विश्वासार्ह माणसाच्या शब्दाला प्रमाणाचा मान आहे, आणि माझी मेहुणी खोटे बोलणारी नव्हे. तरीही एक शंका मनात राहिली. ऑपरेशन झाले नसते तर ती पळाली नसती, हे तिला तरी कसे कळले? ज्या वाटेने आपण गेलोच नाही, तिचा शेवट कुठे होता हे कोणत्या साक्षीदाराला विचारायचे?

ही शंका मी सुनेजवळ बोलून दाखवली. ती एका वैद्यकीय महाविद्यालयात ग्रंथपाल आहे. लग्नाच्या वेळी मला तिच्या नोकरीविषयी एवढेच ठाऊक होते की ती पुस्तके सांभाळते, आणि तेवढ्यावरच मी प्रसन्न होतो. माझे बोलणे ऐकून तिने हातातले काम बाजूला ठेवले.

"बाबा, तुम्ही जे विचारताय ना, त्यासाठीच तर आमचे डेटाबेस असतात. जगभरातले वैद्यकीय शोधनिबंध एका ठिकाणी शोधता येतात. रविवारी बसू या आपण."

रविवारी दुपारची जेवणे आटोपल्यावर तिने आपला जुना लॅपटॉप माझ्यासमोर ठेवला. शोधाची ती आडवी पट्टी पाहून मी सावकाश, एकेक अक्षर पाहत, 'कृपया' या अर्थाच्या इंग्रजी शब्दाने आरंभ करून पत्नीची सगळी हकिगत एका वाक्यात लिहिली. उत्तरादाखल एकही निबंध आला नाही.

"बाबा, त्याला कृपया लागत नाही," ती हसू दाबत म्हणाली.

"त्याला लागत नसेल. माझ्या बोटांना लागते."

"बरं, मनात म्हणा. पण प्रश्न आधी नीट बांधायचा. कुणासाठी, कोणता उपाय, कशाच्या तुलनेत, आणि शेवटी आपल्याला हवं काय. चार खण असतात. एक जरी रिकामा राहिला, तरी नको ते येतं."

मला मोठा आनंद झाला. आमच्या परंपरेत कोणत्याही शास्त्रग्रंथाने आरंभीच चार गोष्टी स्पष्ट करायच्या असतात: ग्रंथ कोणासाठी, विषय कोणता, विषयाचा ग्रंथाशी संबंध काय, आणि वाचून मिळायचे काय. त्याला अनुबंधचतुष्टय म्हणतात. हे मी तिला सांगितले तेव्हा ती म्हणाली, "मग तुम्हांला शिकवायला काही उरलंच नाही." हे अर्थातच खरे नव्हते, पण सुनेने सासऱ्याला एवढे म्हणावे यात गोडी असते.

पहिले तीन खण सहज भरले: उतारवयातील व्यक्ती, जिच्या गुडघ्याची गादी झिजून फाटली आहे; गादीची शस्त्रक्रिया; तुलनेला नियमित व्यायाम. चौथ्या खणात सुनेने 'वेदना कमी होणे' असे लिहायला घेतले. इतक्यात स्वयंपाकघरातून पत्नीचा आवाज आला. ती सारे ऐकत होती.

"वेदना राहिली थोडी तरी चालेल. मला जिना उतरायचाय. कुणी न धरता."

सून माझ्याकडे पाहू लागली. मग तिने लिहिलेले खोडले आणि चालणे, जिना चढणे-उतरणे, रोजचे व्यवहार या अर्थाचे शब्द घातले. ग्रंथाचे प्रयोजन त्याच्या खऱ्या अधिकाऱ्याकडूनच, म्हणजे ज्याच्यासाठी तो ग्रंथ आहे त्याच्याकडूनच, यावे, हे मी त्या दुपारी प्रत्यक्ष पाहिले.

प्रत्येक खणात एका गोष्टीची जितकी नावे असतील तितकी 'किंवा'ने जोडायची, आणि खण एकमेकांना 'आणि'ने जोडायचे. हे काम मला जमले. लहानपणी गुरुजींनी पर्यायशब्दांचा कोश मुखोद्गत करून घेतला होता. पाण्याची नावे सांगताना थांबलो तर छडी बसे. गुडघ्याच्या त्या गादीलाही वैद्य लोक किती नावांनी हाका मारतात हे शोधत मी इतका रमलो की सायंसंध्येची वेळ पत्नीला सांगावी लागली.

सोमवारी सून कामाला गेली आणि लॅपटॉप माझ्यापाशी राहिला. निबंधांची भली मोठी रास समोर होती. ती कोणत्या क्रमाने पाहायची, हे ठरवण्याची सोय त्या पानावर होती, आणि तिथे मी कोणालाही न विचारता सर्वांत जुने निबंध सर्वांत वर आणले. मला त्यात विचारण्यासारखे काही वाटले नाही. ज्या विद्येत मी वाढलो, तिथे मूळ वचन आधीचे असते. त्यावर भाष्य, भाष्यावर टीका, टीकेवर टिप्पणी. जितके मागे जावे तितके पाणी निवळ. नव्याने जुन्यापुढे हात जोडून बसावे, हे मला श्वासासारखे सवयीचे होते.

दोन दिवस मी स्नानसंध्या आटोपून, शुचिर्भूत होऊन ते जुने निबंध वाचले. इंग्रजी मला येते, पण अन्वय लावत लावत येते. कोश शेजारी ठेवावा लागतो. त्या काळचे शस्त्रवैद्य मोठ्या आत्मविश्वासाने लिहीत. ही गादी म्हणजे शरीरातला निरुपयोगी अवशेष आहे, ती बिघडली तर संपूर्ण काढून टाकावी, अर्धवट काही ठेवू नये, असा त्यांचा आग्रह होता. भाषा रेखीव होती. मला ते पटत गेले.

बुधवारी दुपारी मी पत्नीला जवळ बसवून गंभीरपणे सांगितले, "सर्व प्राचीन मत एका दिशेचे आहे. तुकडा नव्हे, सगळी गादी काढावी लागेल."

तिने पदर सारखा केला आणि उठून आत गेली. त्या संध्याकाळी आणि दुसऱ्या दिवशी ती नीट जेवली नाही. मुलाने विचारले तर म्हणाली, "भूक नाही." मी देवापुढे बसलो की ती दाराच्या चौकटीला टेकून उभी राही आणि उजव्या गुडघ्यावरून हळूहळू हात फिरवीत असे.

सुनेने गुरुवारी संध्याकाळी विचारले, "बाबा, कुठवर आलं?" मी माझी टिपणे पुढे केली. तिने लॅपटॉपकडे पाहिले, टिपणांकडे पाहिले, पुन्हा लॅपटॉपकडे पाहिले, आणि तोंडावर हात ठेवून खाली बसली.

"बाबा! तुम्ही सर्वांत जुनं वर आणलंत?"

"अर्थात."

"अहो, हे लिहिलं तेव्हा दुर्बीण सुद्धा आली नव्हती! सगळी गादी काढायची पद्धत कधीच सुटली. ती काढल्यावर हाडं एकमेकांवर घासून गुडघे लवकर खराब होतात, हे नंतर कळलं."

पत्नी आतून बाहेर आली. तिने दोघांकडे आळीपाळीने पाहिले. "म्हणजे काढायची नाही?"

"नाही हो आई, कुणीच नाही काढत आता सगळी."

"आणि मी दोन दिवस माझ्या गुडघ्याचा निरोप घेत बसले!" ती माझ्याकडे वळली. "रोज त्याला सांगत होते, बाबा रे, एवढी वर्षं साथ दिलीस, आता यांचं प्राचीन मत आडवं आलंय!"

मग ती अशी हसली की तिला खुर्ची धरावी लागली. सूनही हसू लागली. मी हसलो नाही असे म्हटले तर ते असत्य होईल. त्या रात्री तिने दोन पोळ्या खाल्ल्या आणि तिसरी माझ्या पानात वाढून म्हणाली, "घ्या, ताजी आहे. प्राचीन नाही."

तरीही सुनेला मी एक प्रश्न विचारला, कारण तो मला खरोखर टोचत होता. "मग ज्येष्ठांनी लिहिलेले टाकून द्यायचे का?"

तिने विचार करून उत्तर दिले. "टाकायचं नाही, बाबा. पण त्यांच्याच विद्यार्थ्यांनी पुढे ते तपासून पाहिलं आणि चुकलेलं दुरुस्त केलं. जुन्यापाशी थांबलो तर त्या विद्यार्थ्यांचं ऐकायचं राहून जातं."

तेव्हा माझ्या मनात उजेड पडला. शास्त्रार्थात आधी पूर्वपक्ष मांडतात, तोही आदराने आणि पूर्ण बळाने. मग त्याचे खंडन येते. आणि सिद्धान्त अखेरीस. मी ग्रंथ उघडून पूर्वपक्ष वाचला होता आणि सिद्धान्त समजून उठलो होतो. माझ्या वर्गातल्या एखाद्या विद्यार्थ्याने असे केले असते तर मी त्याला पुन्हा पहिल्या पानावर बसवले असते. म्हणून मीही पुन्हा बसलो.

या वेळी सुनेने मला चाळणी लावायला शिकवली. नुसती मते आणि एकेकट्या रुग्णांच्या कथा बाजूला करून, ज्यांत उपचारांची न्याय्य तुलना केली आहे असे प्रयोग आणि अशा प्रयोगांची एकत्र केलेली परीक्षणे तेवढी पुढे आणायची. त्यामुळे रास एकदम लहान झाली. माझ्यासारख्या संथ वाचकाला ती आवाक्यातली वाटली.

चाळणीच्या बाहेर पडलेले काही लेखही मी कुतूहलाने पाहिले. त्यांतले अनेक शस्त्रक्रियेची स्तुती करणारे होते, आणि त्यांची संख्या पाहून मी प्रथम दबलो. इतके जण एकमुखाने बोलतात तर त्यात तथ्य असणारच. पण प्रत्येक लेखाच्या शेवटी दिलेले आधार तपासू लागलो तेव्हा दिसले की बहुतेक जण फिरून त्याच दोन-तीन जुन्या लेखांकडे बोट दाखवत होते. आणि त्या मूळ लेखांत वैद्यांनी आपल्याच रुग्णांचे बरे झालेले गुडघे वर्णिले होते, तुलनेला कोणी नव्हते.

याचा मला पूर्वानुभव होता. तरुणपणी एका स्तोत्राच्या तीन हस्तलिखित पोथ्या ताडून पाहण्याचे काम मी केले होते. एका शंकास्पद पाठावर तिन्ही पोथ्यांचे एकमत होते, म्हणून मी तो स्वीकारणार होतो. मग लक्षात आले की एका पोथीत कसरीने खाल्लेली जागा आहे, आणि उरलेल्या दोन्ही पोथ्यांत नेमक्या त्याच ठिकाणी कोरी जागा सोडली आहे. त्या दोन्ही पहिलीवरून उतरवल्या होत्या. साक्षीदार तीन दिसत होते, पण साक्ष एकच होती. त्यानंतर मी एकमत मोजताना नेहमी विचारतो, हे कुठून उतरले? हाच प्रश्न मी या लेखांना विचारला आणि मनावरचे दडपण उतरले.

चाळणीत राहिलेल्या निबंधांनी मला खऱ्या अर्थाने नतमस्तक केले. त्यांची रीत सुनेने उलगडून सांगितली. कोणाला शस्त्रक्रिया आणि कोणाला व्यायाम हे वैद्य ठरवत नाहीत आणि रुग्णही ठरवत नाहीत. जणू चिठ्ठ्या टाकून ठरते. आपल्याकडे दोन बाजूंपैकी एक निवडताना मन एकीकडे ओढ घेऊ लागले की देवापुढे चिठ्ठ्या टाकतात. आपली इच्छा आड येऊ नये म्हणून. वैद्याने आपले ज्ञान, अनुभव आणि आवड बाजूला ठेवून असे चिठ्ठीच्या अधीन व्हावे, ही मला एक प्रकारची उपासना वाटली. परिणाम मोजणाऱ्याला, कोणाला काय मिळाले हे कळू देत नाहीत, म्हणजे त्याचा कौलही निर्मळ राहतो.

एका निबंधापाशी मात्र मी अडखळलो. त्यात काही जणांच्या गुडघ्याची खरी शस्त्रक्रिया केली होती, आणि काही जणांच्या गुडघ्याला नुसती बाहेरून चीर दिली होती, आत काही कापलेच नव्हते. मी हे पत्नीला सांगितले तेव्हा ती ज्वारी निवडत होती. तिचा हात थांबला.

"म्हणजे फसवलं की हो त्यांना!"

"फसवलं नाही. आधीच सांगितलं होतं की असं होऊ शकेल. त्यांनी कबूल केलं, मगच घेतलं."

"कबूल केलं? आपल्याला खोटं ऑपरेशन होईल हे माहीत असून?"

"हो."

"का पण?"

मी निबंधात याचे उत्तर शोधले नव्हते. ती ताटातले दाणे पुन्हा निवडू लागली. "कुठल्या देशातली असतील," ती म्हणाली. "त्यांचाही गुडघा असाच दुखत असेल. आणि म्हणाली असतील, चिरा. पुढच्यांना कळू दे." मग थोड्या वेळाने, "आणि मी इथे बसून त्यांच्या गुडघ्यावरून माझं ठरवणार."

त्या संध्याकाळी दिवा लावताना तिने नेहमीच्या प्रार्थनेनंतर आणखी क्षणभर हात जोडलेले ठेवले.

या निबंधांचे एकत्रित म्हणणे, मला समजले तेवढे, असे होते. वयाने झिजून फाटलेल्या गादीच्या बाबतीत, चालणे-फिरणे सुधारण्याच्या दृष्टीने, ही शस्त्रक्रिया नीट केलेल्या व्यायामाहून फारशी सरस ठरत नाही. गुडघा मध्येच अडकून बसत असेल, किंवा तरुणपणी मार लागून गादी फाटली असेल, तर गोष्ट वेगळी. व्यायाम करणाऱ्यांपैकी काहींना पुढे शस्त्रक्रिया करावी लागली, हेही त्यांनी लपवले नव्हते. तो प्रामाणिकपणा वाचून माझा विश्वास उलट वाढला.

दसऱ्याच्या आधी आम्ही पुन्हा त्या तज्ज्ञांकडे गेलो. सुनेने दोन निबंध छापून दिले होते. ते पुढे करताना मला संकोच वाटत होता. आपल्या विद्येच्या बाहेर जाऊन कोणाला काही दाखवणे हा शिष्टाचार नव्हे. डॉक्टरांनी कागद पाहिले आणि ते हसले.

"सर, हे मला माहीत आहे. म्हणून तर मी आधी व्यायाम म्हटलं होतं."

"मग तारीख कशाला धरून ठेवलीत?"

"खरं सांगू? व्यायाम कुणी करत नाही. चार दिवस करतात, आठवड्यानं सोडतात, आणि महिन्यानं येऊन म्हणतात, डॉक्टर, तुमच्या व्यायामानं काही झालं नाही. ज्यांनी या निबंधांत व्यायाम केला ना, त्यांनी तो खरंच केला होता." ते पत्नीकडे वळले. "काकू, तुमचा गुडघा अडकत नाही. तीन महिने नेमानं कराल? कराल तर मी ही तारीख दुसऱ्याला देतो."

ती माझ्याकडे पाहील आणि मला विचारील अशी माझी कल्पना होती. तिने माझ्याकडे पाहिलेही नाही.

"द्या दुसऱ्याला," ती म्हणाली.

तिथल्याच फिजिओथेरपिस्टने तिला व्यायाम शिकवले: खुर्चीवर बसून पाय सरळ करणे, पायरीवर एक पाय ठेवून चढणे-उतरणे, आणि असे आणखी काही. दिसायला अगदी साधे, करायला कंटाळवाणे. पत्नीने त्यांना आपल्या दिनक्रमात एक पक्की जागा दिली. माझी प्रातःसंध्या चालू असेल तेवढा वेळ तिचा व्यायाम. मी आसनावर, ती खुर्चीवर. माझा जप लवकर आटोपला तर ती म्हणे, "आज घाई केलीत. माझा डावा पाय राहिला." त्यामुळे माझाही जप सावकाश होऊ लागला, आणि हा लाभ कोणत्याही निबंधात लिहिलेला नव्हता.

पहिले काही आठवडे काहीच झाले नाही. उलट एकदा कळ वाढली. सिन्नरहून फोन आला, "झालं ना? मी सांगत होते!" त्या दिवशी पत्नी खुर्चीवर बसून होती, पाय हलवत नव्हती. मी एवढेच म्हणालो, "दोन दिवस थांब आणि पुन्हा सुरू कर, असे फिजिओथेरपिस्टने सांगितले होते." "मला ऐकू येतं," ती म्हणाली. तिसऱ्या दिवशी माझ्या आचमनाच्या आधीच तिची खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

संक्रांतीच्या सुमारास ती भिंतीला हात न लावता वावरू लागली. मग मुलाला बरोबर घेऊन एक मजला उतरली आणि चढली. वेदना पूर्ण गेली नव्हती. अजूनही गेलेली नाही. जमिनीवर मांडी घालून ती बसत नाही, पाटाऐवजी स्टुलावर बसते, आणि देवाने तेवढे चालवून घेतले आहे असे आम्ही दोघे मानतो.

पुढे फाल्गुनातली एक संध्याकाळ. मी खोलीत बसून लॅपटॉपवर माझ्यासाठीच काही शोधत होतो. रक्तदाबाच्या गोळीविषयी डॉक्टरांनी दोन पर्याय सांगितले होते आणि आता मला चार खण भरल्याशिवाय चैन पडत नव्हते. या वेळी जुने वर आणले नव्हते, याची मी दोनदा खात्री केली. थोड्या वेळाने चहाची आठवण झाली आणि मी हाक मारली. उत्तर नाही. स्वयंपाकघरात कोणी नाही, देवघरात नाही. मुलगा आणि सून अजून कामावरून आले नव्हते. दाराशी पाहिले तर तिच्या चपला जागेवर नव्हत्या.

मी तसाच जिना उतरलो. मनात नको नको ते येत होते. प्रत्येक वळणावर ती पायरीवर बसलेली दिसेल असे वाटत होते. दिसली नाही. फाटकाबाहेर आलो, कोपऱ्यापर्यंत गेलो, बाजारात डोकावलो. ती देवळाच्या बाहेरच्या कट्ट्यावर बसली होती, आणि तिच्या भोवती त्या चौघीजणी होत्या. काहीतरी मोठ्याने चालले होते. मला पाहून एक जण म्हणाली, "या सर, तुमचीच तक्रार चाललीय."

पत्नीने वळून पाहिले. "तुम्ही कशाला आलात?"

"कशाला म्हणजे? तू न सांगता आलीस!"

"सांगितलं असतं तर धरायला आला असतात."

त्या सगळ्या हसल्या. ती खरे बोलत होती. मी कट्ट्याच्या कडेला टेकलो. मी घाईघाईने आलो होतो आणि श्वास अजून जागेवर आला नव्हता. ती माझ्याकडे बघून त्या चौघींना म्हणाली, "बरं, निघते मी. यांना वर न्यायला हवं, धाप लागलीय." आणि कट्ट्यावर हाताचा जोर न देता ती उठून उभी राहिली.